शेकोटी, चूल आणि आगटी : विस्तव विझवण्याची रीत



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या शिवारात तीन तऱ्हेचे विस्तव पेटतात. पहिला म्हणजे रात्रपाळीच्या विजेवर उसाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्याची बांधावरची शेकोटी. दुसरा म्हणजे ऊसतोडणीच्या टोळीच्या कोप्यांपुढची तीन दगडांची चूल. आणि पौष-माघात ज्वारी हुरड्यात आली की पाहुणेरावळे बोलावून वावरात पेटवलेली आगटी, हा तिसरा. तिन्ही विस्तव कामाचे आहेत. थंडीत शेकोटीवाचून दारं धरणे होत नाही, चुलीवाचून टोळीच्या पोटात भाकर पडत नाही, आणि हुरड्याच्या आनंदाबद्दल तर बोलायलाच नको. तेव्हा ‘विस्तव पेटवू नका’ असे सांगण्यासाठी हा पाठ नाही. काम झाल्यावर तो विझवायचा कसा, एवढाच आजचा विषय.

कुणी म्हणेल, यात शिकवण्यासारखे काय आहे? पाणी ओतले, विझले! पण शिवारात हिंडून पाहावे. शंभरातले किती जण शेकोटीवर खरोखर पाणी ओततात? बहुतेक जण पायाने माती लोटतात आणि घरी जातात. कोपीपुढे उभे राहून विचारले, “मावशी, चूल विझवली का?” तर उत्तर येते, “व्हय दादा, राख लोटली की वरून.” इथेच खरी मेख आहे.

राख लोटली म्हणजे विस्तव राखला

आपल्या आज्या-पणज्यांना विचारा. काडेपेटीला पैसे मोजावे लागत, त्या काळी घरातला विस्तव रात्रभर जिवंत ठेवण्याची एक रीत होती. रात्रीचा स्वयंपाक झाला की चुलीतले दोन चांगले निखारे किंवा पेटती गोवरी राखेत पुरून ठेवायची. पहाटे राख बाजूला सारली, दोन फुंकरी घातल्या आणि वर चार काटक्या ठेवल्या की चूल पेटली. नाहीच राहिला विस्तव, तर शेजारणीकडून खापरीत मागून आणायचा. याला ‘विस्तव राखणे’ म्हणत.

आता विचार करा. विस्तव जिवंत ठेवण्यासाठी आज्या जे करत होत्या, नेमके तेच आपण विस्तव विझवण्यासाठी करतो! वरून राख नाहीतर कोरडी माती लोटतो आणि ‘विझला’ म्हणतो. राख ही उष्णतेची उत्तम गोधडी आहे. ती आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही, पण तिच्यातून थोडी हवा झिरपत राहते. निखाऱ्याला धुमसत राहायला तेवढी हवा पुरते. जाळाला भरपूर वारा लागतो, धुमसणाऱ्या निखाऱ्याला फार थोडा. म्हणून राखेखालचा बाभळीचा ओंडका रात्र काढतो, कधी दुसऱ्या रात्रीपर्यंतही टिकतो.

यातही सरपणासरपणात फरक आहे. तुराट्या, पऱ्हाट्या आणि पाचट भडकन पेटतात आणि लवकर संपतात. त्यांची भीती जाळ असेपर्यंतची, म्हणजे ठिणग्या उडण्याची. बाभूळ, लिंब, चिंच यांचे लाकूड निखारा धरते. सगळ्यांत फसवी गोवरी. वरून राखाडी, थंड दिसते. मोडली तर आत लालबुंद. गोवरी बाहेरून आत धुमसत जाते आणि अखेरपर्यंत आपला आकार सोडत नाही. त्यामुळे ती विझली की नाही, हे नुसते पाहून कळत नाही.

डोळ्यांवर विश्वास ठेवू नका

लाल दिसत नाही म्हणजे विझला, हा दुसरा गैरसमज. कोणतीही वस्तू तापत गेली की साधारण ५२५ अंश सेंटिग्रेडच्या पुढे ती अंधारात मंद लाल दिसू लागते. त्याखाली ती कितीही तापलेली असो, डोळ्याला काळीच दिसणार. आणि दिवसाच्या उजेडात तर त्याहून जास्त तापलेला निखाराही काळाच दिसतो. वाळलेल्या पाल्याला पेट घ्यायला मात्र इतकी उष्णता लागत नाही. साधारण ३०० अंशांच्या आसपास तो धुमसू लागतो, आणि वारा मिळाला की धुमसणारा पाला जाळ धरतो. म्हणजे ३०० ते ५०० अंशांच्या मधला निखारा डोळ्याला दिसत नाही, पण पाचट पेटवू शकतो. सकाळी आठच्या उन्हात ‘काळे कोळसे पडलेत, काय होतंय’ असे म्हणणाऱ्याने हे आकडे लक्षात ठेवावेत.

आता वेळेचा हिशेब पाहू. समजा, रात्री अकराला पाळी सुरू झाली. गडी बांधावर शेकोटी करतो. पहाटे पाचला वीज जाते, गडी शेकोटीवर पायाने माती लोटतो आणि घरी येऊन झोपतो. त्या वेळी पाचटावर दव असते, वारा पडलेला असतो, सगळे ओलसर आणि थंड. त्याला काही धोका दिसत नाही आणि त्या घडीला तो नसतोही. पण नऊ-दहा वाजता दव उडते. अकरा-बारानंतर वारा सुटतो. माघ-फाल्गुनात तर पाचट दुपारी कागदासारखे कुरकुरीत झालेले असते. वाऱ्याने मातीचा पातळ थर उडतो, आतला निखारा उघडा पडतो, फुंकर घातल्यासारखा फुलतो आणि एखादी ठिणगी सरीत जाते. रात्रीच्या शेकोटीची आग दुपारी बाराला लागते ती अशी. मग गावात चर्चा होते की कुणी मुद्दाम लावली, कुणाशी भांडण होते, कुणाचा डाव. सात तासांपूर्वीची शेकोटी कुणाच्या ध्यानातही येत नाही.

उसाला लागलेल्या आगी म्हटल्या की आपले बोट आधी विजेच्या तारांकडे जाते. ते चूक नाही. लोंबकळणाऱ्या तारा एकमेकींना घासून ठिणग्या पडतात आणि फड जळतो; त्याचा पंचनामा, विद्युत निरीक्षकाकडचे प्रकरण आणि भरपाईचा अर्ज हा स्वतंत्र पाठाचा विषय आहे. पण तारेवर आपला ताबा नाही, शेकोटीवर आहे.

पूर्वीपेक्षा आज धोका जास्त का

एक गोष्ट इथे स्पष्ट बोलली पाहिजे. पूर्वी ऊस तुटून गेला की आपण पाचट सर्रास पेटवून देत होतो. आता खोडव्यात पाचट न जाळता सरीत दाबून ठेवा, असे कृषी विद्यापीठ सांगते, वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट सांगते आणि आपले शेतकी खातेही सांगते. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो जिवाणू संवर्धक टाकले की तेच पाचट कुजून खत होते, ओल टिकते, तण दबते. ही शिफारस योग्यच आहे आणि ज्यांनी केली त्यांना जमिनीतला फरक दिसलेला आहे.

पण या चांगल्या कामाची दुसरी बाजू अशी की, कुजेपर्यंत त्या वावरावर वाळलेल्या पाल्याचे अंथरूण पसरलेले असते. शेजारच्या बांधावर निष्काळजीपणे सोडलेली शेकोटी आता नुसते गवत जाळून थांबणार नाही. खोडव्याचे कोवळे फुटवे होरपळतात. वर ठिबकच्या नळ्या असतील तर त्या वितळतात, आणि नळ्यांच्या एकरी खर्चाचा आकडा सभासदांना सांगायला नको. म्हणजे पाचट राखणाऱ्याने विस्तवाबाबत न राखणाऱ्यापेक्षा दुप्पट जागरूक असले पाहिजे. पाचट ठेवलेल्या वावराच्या कडेने पाच-सहा फुटांचा पट्टा पाला ओढून मोकळा ठेवावा. मजुरी लागते, पण थोडीच.

उभा ऊस जळाला तर काय होते, हे बहुतेकांना ठाऊक आहे. पाला जळतो, कांडी उभी राहते, आणि माणसाला वाटते, ऊस तर आहे की! पण त्या कांडीची साल तडकलेली असते, वरचे मेण वितळलेले असते. आत जंतू शिरतात. साखरेचे विघटन सुरू होते, रस चिकट बनतो, वजन रोज घटते. म्हणून जळिताची नोंद आली की कारखान्याला इतर सभासदांचा क्रम मोडून तो ऊस तातडीने आणावा लागतो, टोळ्या हलवाव्या लागतात, आणि तरीही कपात होतेच. नुकसान एकट्याचे राहत नाही. ज्याचा ऊस पाळीवर होता आणि चार दिवस मागे पडला, त्याचेही ते नुकसान आहे.

जागा निवडतानाच अर्धे काम

विझवण्याची सुरुवात पेटवण्याआधी होते. शेकोटी उभ्या उसापासून आणि पाचटापासून दूर, जिथे ओल आहे अशा ठिकाणी करावी. दांडाच्या कडेची ओली माती सगळ्यांत चांगली. विझवायला पाणीही हाताशी. जागेभोवती निदान दहा फूट पाला, गवत, चगाळ ओढून काढावे, पार माती दिसेपर्यंत. वीतभर खोल खड्डा घेतला तर निखारे घरंगळत नाहीत. वारा कुठून कुठे वाहतो ते पाहावे. कोपी, गंज, कडबा आणि ट्रॅक्टर यांच्या वरच्या अंगाला विस्तव नको. वरून विजेची तार किंवा झाडाची वाळलेली फांदी जात असेल तर ती जागा सोडावी.

आणखी एक, सहसा कुणी बोलत नाही अशी गोष्ट. उकिरड्यावर, शेणखताच्या किंवा प्रेसमडच्या ढिगाजवळ शेकोटी कधी करू नये. खत म्हणजे माती नव्हे. वाळले की ते आतल्या आत धुमसते. वरून काही दिसत नाही आणि आठ-दहा फुटांवर भलत्याच ठिकाणी धूर निघतो. जुन्या बाभळीच्या बुंध्याशी केलेल्या शेकोटीचेही तसेच. वाळक्या मुळाला विस्तव लागला की तो जमिनीखालून चालत जातो.

चुलीसाठी दगड घेताना ओढ्याच्या किंवा कालव्याच्या पाण्यातून नुकताच काढलेला दगड घेऊ नये. फटीत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन असा दगड तडकन फुटतो आणि कपची डोळ्याकडे येते.

विझवण्याची रीत

आता मुख्य काम. घरी निघायच्या अर्धा तास आधी विस्तवात नवे सरपण घालणे थांबवावे. आहे ते जळून बारीक होऊ द्यावे. जाड ओंडका अर्धवट असेल तर तो बाजूला ओढून वेगळा करावा, कारण ओंडके एकमेकांच्या उबेवर जगतात. वेगळा पडलेला ओंडका लवकर थंड होतो.

मग काठीने निखारे पसरावेत. ढीग ठेवू नये. आता पाणी, पण बादली उचलून भसकन ओतायची नाही. पाण्याची वाफ झाली की ती मूळ पाण्याच्या सुमारे सोळाशे पट जागा मागते. भसकन ओतले की ती वाफ राख आणि निखारे घेऊन वर उसळते, आणि हात-तोंड भाजते. लहान मुले कडेला उभी असतात, त्यांना आधी मागे करावे. हाताने किंवा तांब्याने शिंपडत, कडेने आत जावे. वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहावे.

शिंपडून झाले की काठीने किंवा खोऱ्याने ढवळावे. तळची राख वर, वरची खाली. पुन्हा पाणी, पुन्हा ढवळणे. ओंडका उलटा करून खालच्या अंगाला पाणी द्यावे आणि त्यावरचे निखारे खरवडून काढावेत. चुलीचे दगड काठीने सरकवून त्यांच्या खालीही पाणी घालावे. दगडाच्या बुडाशी निखारा हमखास लपतो. गोवरी असेल तर ती काठीने फोडून, तुकडे पाण्याच्या घमेल्यात बुडवावेत. ‘चुर्र’ असा आवाज येतो आहे तोवर आत विस्तव आहे असे समजावे.

ढवळण्यावर एवढा भर का, ते हिशेबाने पाहू. एक लिटर पाणी २० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला ८० किलो-उष्मांक लागतात. पण त्याच पाण्याची वाफ व्हायला आणखी ५४० लागतात. म्हणजे विस्तवातली उष्णता ओढून नेण्याचे खरे काम वाफ करते. एक किलो निखारा सहाशे अंशांवरून शंभरावर आणायला ढोबळमानाने दीडशे किलो-उष्मांक काढून न्यावे लागतात. कागदावर पाहिले तर एका लिटरमध्ये चार किलो निखारा थंड झाला पाहिजे! मग बादलीभर ओतूनही विस्तव का राहतो? कारण भसकन ओतलेले बहुतेक पाणी निखाऱ्याला न भेटताच राखेवरून वाहून जाते. राख भिजली की वर चिखलाचा पापुद्रा धरते, आणि खालचा निखारा त्या पापुद्र्याखाली सुखात राहतो. शिंपडलेले आणि ढवळलेले पाणी प्रत्येक निखाऱ्यापर्यंत पोहोचते. थोडक्यात, दोन बादल्या ओतण्यापेक्षा एक बादली शिंपडून ढवळलेली बरी. जिथे टोळीच्या बाया हंडा घेऊन अर्धा मैल चालतात, तिथे याला फार महत्त्व आहे.

शेवटी हाताची परीक्षा. हाताची मागची बाजू राखेवर एक वीत उंच धरावी. ऊब लागली तर विझलेले नाही, पुन्हा पाणी. ऊब लागत नसेल तर हात खाली खाली आणावा आणि शेवटी राखेला लावून पाहावा. राख गार आणि गिजगिजीत लागली म्हणजे काम झाले. ज्या राखेला हात लावायचे धाडस होत नाही, ती सोडून घरी जायचे नाही.

पाणी नसेल तर

पाणी खरोखरच नसेल तर माती वापरावी, पण पुरण्यासाठी नाही, कालवण्यासाठी. खोऱ्याने ओलसर माती निखाऱ्यांत मिसळून, कालवून, पातळ पसरावे, थोडे थांबून पुन्हा कालवावे. मातीत पाला, मुळे, खत नको. वेळ दुप्पट-तिप्पट लागतो. हे करूनही शेवटी हात लावून पाहायचेच.

पुरलेल्या विस्तवाचा धोका नुसता उसाला नाही. ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनच्या डॉक्टरांनी शेकोटीने भाजलेल्या लहान मुलांच्या केसेसचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असे दिसले की, बहुतेक मुले जळत्या शेकोटीत पडून भाजलेली नव्हती. आदल्या रात्री वाळूने झाकलेल्या शेकोटीवर सकाळी अनवाणी पाय पडून, नाहीतर हात टेकून भाजलेली होती. पाण्याने विझवलेल्या जागा लवकर निवल्या. वाळूने झाकलेल्या जागा आठ तासांनीही भाजण्याइतक्या तापलेल्या निघाल्या. तिकडे सहलीला आलेल्या लोकांची मुले होती. आपल्याकडे तळावर, कोप्यांच्या ओळीत, चुलींच्या अवतीभवती दिवसभर अनवाणी खेळणारी पोरे आहेत. आई-बाप पहाटेच फडात गेलेले, धाकट्याला सांभाळायला आठ-नऊ वर्षांची बहीण. तिला कोणती राख गार आणि कोणती नाही, हे कसे कळणार?

तळावरच्या चुली

टोळीची बाई पहाटे तीनला उठते. भाकरी, कोरड्यास करते, नवऱ्याबरोबर अंधारातच फडाकडे निघते. त्या घाईत चूल विझवायला तिच्याकडे पाच मिनिटे नसतात, आणि हंड्यातले पाणी तिला दिवसभर पुरवायचे असते. म्हणून तिला नुसते ‘काळजी घ्या’ म्हणून उपयोग नाही. सोय केली पाहिजे. भांडी विसळलेले पाणी फेकून न देता चुलीजवळच्या एका डब्यात साठवावे, निघताना तेच चुलीवर शिंपडावे. एवढे पुरते. मुकादमाने तळावर निदान एक पाण्याचा बॅरल आणि दोन घमेली वाळू कायम ठेवावी, आणि ज्याच्या रानात तळ पडला आहे त्या सभासदाने पाण्याचा पाइप किंवा टाकी त्यांना मोकळी करून द्यावी. कोपी पाचटाची, वर प्लास्टिकचा कागद. एक पेटली तर ओळ पेटते. चूल आणि कोपी यांत किमान दहा-बारा फूट अंतर राहील अशीच कोप्यांची मांडणी पहिल्या दिवशी करून घ्यावी. नंतर कोपी कुणी हलवत नाही.

थंडीच्या दिवसांत आणखी एक जीवघेणी सवय दिसते. विझत आलेला विस्तव घमेल्यात भरून उबेसाठी कोपीत किंवा पंपाच्या खोलीत नेतात आणि दार लावून झोपतात. धूर नसतो म्हणून भीती वाटत नाही. पण धुमसत्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा घेतो. झोपलेल्या माणसाला जागच येत नाही. प्लास्टिकने गुंडाळलेल्या कोपीत तर हवा खेळतच नाही. डोके दुखू लागले, मळमळले, तर त्या माणसाला लगेच उघड्यावर काढावे आणि दवाखान्यात न्यावे. घमेले आत न्यायचेच नाही, यात दुसरा पर्याय नाही.

हुरडा आणि पाहुणे

हुरड्याच्या आगटीबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण तिथे गोवऱ्या असतात आणि माणसांचे लक्ष विस्तवाकडे नसते. कणसे भाजून झाली, चटणी-गूळ झाला, पाहुणे गाडीत बसले, की आगटी तशीच राहते. खड्ड्यात आहे म्हणून सुरक्षित, असे वाटते. ज्वारीचे वाळके पान उडून त्यात पडायला किती वेळ लागतो? यजमानाने पाहुण्यांना निरोप देण्याआधी आगटीला निरोप द्यावा. आणि पाहुण्यांच्या पोरांना ‘बघा रे, गोवरी कशी फोडून विझवतात’ म्हणून दाखवावे. पोरांना हे काम फार आवडते, असा अनुभव आहे.

लागलीच आग तर

गवताला नुकती लागलेली आग ओल्या पोत्याने किंवा हिरव्या डहाळीने कडेकडेने झोडपून विझते. पण ती उभ्या उसात शिरली तर आत जाऊन झोडपायचे नाही. उसातली आग माणसाच्या पळण्यापेक्षा जोराने येऊ शकते आणि धुरात सरी सापडत नाही. आधी फडातली माणसे हाका मारून बाहेर काढावीत, बैल सोडावेत, नांगरलेल्या नाहीतर मोकळ्या रानात जावे. अग्निशमनासाठी १०१ किंवा ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक तळावरच्या प्रत्येक फोनमध्ये असावेत. गट कार्यालयाला लगेच कळवावे म्हणजे तोडीची व्यवस्था होते.

भाजले असेल तर जागेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. बर्फ नको, शाई, टूथपेस्ट, पीठ, हळद काही नको. बांगड्या, अंगठी, जोडवी सूज येण्याआधी काढावीत, स्वच्छ ओलसर फडक्याने झाकून दवाखाना गाठावा. फोड फोडू नयेत.

विस्तवाबाबतची बेपर्वाई हा गुन्हाही आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ प्रमाणे, आगीबाबत माणसाच्या जिवाला धोका होईल असा निष्काळजीपणा केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे.

राहिली राख. चुलीतली राख रोज काढावी लागते आणि ती बहुधा उकिरड्यावर जाते. ताजी राख उकिरड्यावर, पाचटावर किंवा प्लास्टिकच्या पोत्यात कधी टाकू नये. लोखंडी घमेल्यात घ्यावी, वर पाणी शिंपडून ढवळावी आणि एक दिवस उघड्यावर, मुलांच्या वाटेपासून दूर ठेवावी. दुसऱ्या दिवशी हात घालून गार लागली की परसातल्या भाजीला द्यावी. लाकडाच्या राखेत पालाश असते. वांग्या-मिरच्यांच्या आळ्यात मूठमूठ पुरे. क्षारपड जमिनीत मात्र ती टाकू नये.

— शेतकी विभाग